पोत्यावरचे तीन आकडे

मंगळवार पेठेतल्या आमच्या माळ्यावर एक चवाळं आहे. खताची चार पोती उसवून, धुऊन आजीनं शिवलेलं. गावाकडनं शेंगा आल्या की गच्चीवर तेच पसरायचं. उन्हानं बाकी छपाई उडाली; एका तुकड्यावर '१०:२६:२६' तेवढं टिकलंय. लहानपणी मला तो ट्रकचा नंबर वाटायचा.

आजोबा खताला खत म्हणत नसत. 'उसाला लागवड टाकली का?' असंच आमच्याकडं विचारतात. शेतकरी सहकारी संघाची बैलछाप लागवड त्यांच्या पिढीच्या तोंडी होती.

पोत्यावरचे आकडे शंभर किलोंमागचे: पहिला नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा. मेख दुसऱ्या-तिसऱ्यात आहे. ५० किलोंच्या पोत्यात १३ किलो स्फुरद लिहिलंय, पण निव्वळ फॉस्फरस पावणेसहा किलोच. एकोणिसाव्या शतकातले रसायनशास्त्रज्ञ झाडं जाळून राख तपासत आणि घटक ऑक्साइडच्या रूपात मोजत. राख गेली, रीत राहिली. बहुतेक देशांतले शेतकरी आजही त्याच मापानं खत घेतात, याची मला गंमत वाटते.

ज्या घटकाची चणचण जास्त, पीक त्याच्याच बेतानं येतं, हे त्या रसायनशास्त्रज्ञांतल्या श्प्रेंगेलनं जर्मनीत आधी मांडलं. नाव मात्र लीबिगचं झालं. १८४२ साली इंग्लंडमध्ये लॉझनं सुपरफॉस्फेटचं पेटंट घेतलं. हवेतल्या नत्रापासून कारखान्यात थेट अमोनिया करायला १९१३ उजाडलं.

आपल्याकडं हे तीन आकडे बिघडले ते किमतीनं. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद-पालाशच्या खतांवरचं दरनियंत्रण उठलं, युरियावरचं राहिलं. त्यात युरिया टाकला की ऊस आठवड्यात काळाभोर दिसतो. पालाशचं काम डोळ्याला दिसत नाही. मग हात युरियाकडंच जाणार.

सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५०:११५:११५, म्हणजे एकरी १००:४६:४६. हिशेब केला तर १०:२६:२६ ची साडेतीन पोती आणि ४५ किलोंच्या युरियाची चार. तीही एकदम नव्हे. नत्र लावणीपासून मोठ्या भरणीपर्यंत हप्त्यानं. मी हे कागदावर मांडून चुलत्यांना दिलं. त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं आणि युरियाची सात टाकली. ऊस बघण्यासारखा आला, पावसाळ्यात लोळला, आणि तोडणीवाल्यांनी आडव्या उसाची खुशाली वेगळी घेतली.