बुलढाणा जिल्ह्यातील प्राथमिक शाळांची ग्रंथालये आणि बालवाचनाची परंपरा

प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयाचा इतिहास लिहिताना एक घोटाळा हटकून होतो. शाळांना पुस्तके केव्हा मिळाली व कोणत्या योजनेखाली मिळाली, ह्याची नोंद म्हणजेच वाचनाचा इतिहास होय, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः ग्रंथसंग्रह आणि वाचनसंस्कृती ह्या दोन भिन्न गोष्टी होत. संग्रह एका शासकीय आदेशाने उभा राहू शकतो. संस्कृतीसाठी मात्र पुस्तक मुलाच्या हाती पडावे, ते घरी जावे, त्याविषयी कोणाशी तरी बोलणे व्हावे आणि परत येऊन ते दुसऱ्याच्या हाती जावे, हा क्रम वर्षानुवर्षे चालू राहावा लागतो. बुलढाणा जिल्हा ह्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे; कारण ह्या क्रमात येणारे भूगोलाचे, कारभाराचे आणि भाषेचे अडथळे तेथे एकत्र पाहावयास मिळतात.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. नव्या व्यवस्थेत मेहकरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यास १८६७ मध्ये बुलढाणा हे नाव मिळाले. १९०५ मध्ये खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्यातून काढून त्यास जोडण्यात आले आणि जिल्ह्याची आजची रूपरेषा सिद्ध झाली. ह्या जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग लोकव्यवहारात आजही मानले जातात. घाटाखालील पूर्णेच्या खोऱ्यातून मलकापूर, नांदुरा, शेगाव अशा गावांवरून मुंबई-नागपूर लोहमार्ग गेला, आणि १८७० मध्ये खामगावपर्यंत त्याची शाखा झाली. कापसाच्या व्यापारासाठी आलेल्या ह्याच गाडीने टपाल आणि छापील पुस्तकही येऊ लागले. घाटावरील चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा ह्या गावांना मात्र ती सोय कधीच लाभली नाही.

मराठीत मुलांसाठी छापील वाङ्मय त्यापूर्वीच निर्माण होऊ लागले होते. सदाशिव काशिनाथ छत्रे ह्यांचे ‘बाळमित्र’ हे पुस्तक १८२८ मधले. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक ह्यांनी ‘बालबोध’ मासिक सुरू केले आणि १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे ह्यांचे ‘आनंद’ निघाले. परंतु ही मासिके वर्गणी भरणाऱ्या घरांसाठी होती. ज्या घरात पगार येत असे आणि कोणीतरी आधीच साक्षर असे, तेथेच ती जावयाची.

अशा घराचे बुलढाण्यातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ताराबाई शिंदे ह्यांचे. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरांच्या कचेरीत हेडक्लार्क होते व सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. मुलीला त्यांनी घरीच शिकविले. तिचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. बुलढाण्यासारख्या आडवळणाच्या गावी राहून एका स्त्रीने इतका तिखट युक्तिवाद करणारा ग्रंथ लिहावा, ह्याचे आश्चर्य अनेकांनी व्यक्त केले आहे. पण त्या घरात पुस्तके होती आणि मुलीला ती उघडण्याची मोकळीक होती, हे ध्यानात घेतले म्हणजे आश्चर्याचे स्थान बदलते. तेव्हा विचारावयाचा प्रश्न असा की, ज्या घरी पुस्तके नव्हती, तेथील मुलीसाठी ती मोकळीक कोणी द्यावयाची होती? शेतमजुराच्या मुलापुरते त्याचे उत्तर एकच संभवते, ते म्हणजे गावची प्राथमिक शाळा.

हे कार्य शासन करू शकते, ह्याचा पुरावा त्या काळी मराठी राज्यकर्त्याच्याच एका संस्थानात मिळतो. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. आणि शाळेतून बाहेर पडलेला मुलगा पुन्हा निरक्षर होऊ नये म्हणून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांची योजना आखली. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा स्वतंत्र विभाग होता. शिवाय पुस्तकांच्या लाकडी पेट्या भरून त्या खेडोपाडी पाठविल्या जात व वाचून झाल्यावर परत येत. ह्या व्यवस्थेचे मर्म पेटीच्या फिरतेपणात होते. पुस्तक एका जागी राहण्यासाठी नसून पुढे जाण्यासाठी आहे, हे तत्त्व योजनेच्या मुळाशीच होते. वऱ्हाडात अशी योजना रुजली नाही. १९०३ पासून मध्यप्रांताशी जोडलेला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलेला हा प्रदेश एका शिक्षणखात्याकडून दुसऱ्याकडे जात राहिला.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्या कक्षेत आल्या. १९६७ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तथापि त्याचा विषय सार्वजनिक ग्रंथालये हा होता. प्राथमिक शाळेचे कपाट त्यात आले नाही. त्याच वर्षी पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले आणि नोव्हेंबर १९७१ पासून त्याचे ‘किशोर’ मासिक निघू लागले. अल्प किमतीचे आणि मराठीतील नामवंत लेखकांचे साहित्य देणारे हे मासिक खेड्यातील मुलापर्यंत अवांतर वाचन नेण्याचा महत्त्वाचा प्रयत्न होता. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये खडू-फळा योजना आली. दोन खोल्या व दोन शिक्षक ह्यांबरोबरच शाळेला द्यावयाच्या किमान साहित्यात ग्रंथालयाच्या पुस्तकांचाही समावेश झाला. एक-दोन शिक्षकी शाळेपर्यंत पुस्तके नेण्याचा एवढा व्यापक प्रयत्न पूर्वी झाला नव्हता.

परंतु ह्या योजनेचे मूल्यमापन करणाऱ्यांना देशभर एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली: मिळालेले साहित्य अनेक ठिकाणी कुलपातच राहिले. त्याचा दोष शिक्षकाच्या अनास्थेवर टाकण्याची प्रथा आहे, ती न्याय्य नाही. शाळेत आलेले पुस्तक प्रथम नोंदवहीत दाखल होते. मुख्याध्यापक बदलला की कार्यभार देताना ते मोजून द्यावे लागते, आणि तपासणीच्या वेळी कमी भरले तर जबाब द्यावा लागतो. फाटलेल्या पुस्तकाचे निर्लेखन करावयाचे तर वरिष्ठांची मंजुरी हवी. उलट, वर्षभर एकही पुस्तक कोणी वाचले नाही, तर त्याबद्दल कोणी खुलासा मागत नाही. ज्या व्यवस्थेत हरवलेल्या पुस्तकाचा हिशेब आहे आणि न वाचलेल्या पुस्तकाचा नाही, तेथे सावध मनुष्य कपाटास कुलूपच लावील. बडोद्याच्या पेटीत आणि ह्या कपाटात जो फरक आहे तो पैशाचा नसून हिशेबाच्या पद्धतीचा आहे.

पुढील काळात हक्काची भाषा आली. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. २०१५ पासून राज्यात १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८३ टक्के भरली. अक्षरओळखीचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. मात्र अक्षर ओळखणारा मुलगा पुस्तकापाशी रमेलच, असे त्यावरून म्हणता येत नाही.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. ग्रियर्सनच्या भाषापाहणीत १९०५ मध्ये ज्या वऱ्हाडी बोलीचे वर्णन आले, तीत ‘मला, तुला’ च्या जागी ‘मले, तुले’ आणि ‘डोळा’ च्या जागी ‘डोया’ अशी रूपे आहेत. ही बोली घरी बोलणारे मूल ग्रंथालयातील पुस्तक उघडते, तेव्हा त्याला ओळखीचे शब्द परक्या वेषात भेटतात. हे अंतर मोठे नाही. कोणी मोठ्याने वाचून दाखविले की ते सहज ओलांडता येते. सातपुड्याच्या पायथ्याची स्थिती मात्र वेगळी आहे. जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत कोरकू भाषा बोलणारे लोक आहेत. आणि जामोद, सोनबर्डी, चालठाणा अशा गावांच्या परिसरात निहाली ही भाषा बोलणारा, दोन-अडीच हजारांच्या आसपासचा लहानसा समाज आहे. १९६२ मध्ये लायडनच्या कायपर ह्यांनी ह्या भाषेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कोरकू, मराठी इत्यादी भाषांतून तिने पुष्कळ शब्द घेतले असले, तरी तिचा मूळ भाग कोणत्याही ज्ञात भाषाकुलात बसत नाही.

जगातील भाषाशास्त्रज्ञांना जी भाषा अमोल वाटते, ती बोलणाऱ्या मुलाच्या दृष्टीने शाळेतील प्रत्येक पुस्तक परभाषेतील असते. ह्या मुलांच्या बाबतीत केवळ कपाट उघडणे पुरेसे होणार नाही. त्यांच्या घरच्या कथा ऐकून लिहून घेणे आणि त्या त्यांच्याच भाषेत, देवनागरीत, मराठीच्या शेजारी छापून शाळेत ठेवणे, हे तेथील ग्रंथालयाचे पहिले काम ठरते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. त्या धोरणाची खरी परीक्षा मोठ्या भाषांच्या प्रदेशात होणार नसून अशा गावांत होणार आहे. निहाली बोलणारी पिढी संपल्यावर तिच्या कथा कोणत्याही अनुदानाने विकत आणता येणार नाहीत.

ह्या जिल्ह्यात वाचनाची परंपराच नाही, असे समजण्याचे कारण नाही. गावोगावच्या देवळांतून पोथी लागते. एकजण वाचतो, अर्थ सांगणारा अर्थ सांगतो आणि निरक्षर श्रोताही त्यात सामील असतो. शेगावच्या गजानन महाराजांवरील दासगणूंच्या २१ अध्यायी ग्रंथाचे पारायण आजही घरोघरी होते. ग्रंथ वाचण्यासाठी निश्चित वेळ, वाचणारा आणि ऐकणारे, ही तिन्ही अंगे येथील समाजाला पूर्वीपासून परिचित आहेत. शाळेने त्यांतून घ्यावे असे पुष्कळ आहे: दिवसाकाठी ठरलेला वाचनाचा तास, शिक्षकाने वा मोठ्या मुलाने मोठ्याने केलेले वाचन, बोलीत सांगितलेला अर्थ आणि मग घरी न्यावयास मिळालेले पुस्तक. शासनाकडून अपेक्षा आहे ती एवढीच की, वापराने झिजलेले आणि हरवलेले पुस्तक शिक्षकाच्या नावे थकबाकी म्हणून न लिहिता शिक्षणाचा खर्च म्हणून लिहावे, आणि तपासणी करणाऱ्याने जडसंग्रहाच्या वहीआधी देवघेवीची वही मागावी.