संगणक क्षेत्रातील हौशी अनुभव आणि औपचारिक प्रमाणपत्रे

स्वतःच्या आवडीने संगणक जोडणे, कार्यप्रणाली बसवणे, बिघाड शोधणे वा आज्ञावली लिहिणे यांतून मिळालेल्या ज्ञानास हौशी अनुभव म्हणतात. ठरावीक अभ्यासक्रमावरील परीक्षेनंतर संस्थेने दिलेला पात्रतेचा पुरावा म्हणजे औपचारिक प्रमाणपत्र. तांत्रिक पदांच्या भरतीत या दोहोंचे तौलनिक महत्त्व हा वादाचा विषय आहे.

इतिहास

व्यक्तिगत संगणकाच्या जडणघडणीत हौशी मंडळींचा मोठा वाटा आहे. मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. तिला उपस्थित असलेल्या स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी पुढे ॲपल-१ हा संगणक घडवला. त्यांनी आपली पदवी मात्र १९८६ मध्ये पूर्ण केली. कार्यालयांत संगणक व नेटवर्क पसरल्यावर उमेदवार पारखण्यासाठी समान मोजपट्टीची गरज भासू लागली. कॉम्पटिया ए-प्लस व सिस्को सीसीआयई (दोन्ही १९९३) ही प्रमाणपत्रे याच काळातील आहेत.

गुण व मर्यादा

हौशी व्यक्तीस अनपेक्षित बिघाडांशी झुंजण्याची सवय असते. तथापि अनेक वापरकर्त्यांची व्यवस्था, नोंदी ठेवणे व सुरक्षेची शिस्त यांचा सराव घरी क्वचितच होतो. प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात हे विषय क्रमाने येतात. परंतु केवळ पर्यायी प्रश्नांची परीक्षा पाठांतरानेही उत्तीर्ण होता येते. म्हणून सीसीआयई व रेड हॅटच्या आरएचसीई परीक्षांत उमेदवारास प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते. तंत्रज्ञान झपाट्याने बदलत असल्याने अनेक प्रमाणपत्रांची मुदतही मर्यादित असते. २०११ पासून ए-प्लस तीन वर्षांसाठी दिले जाते.

भारतातील स्थिती

शासकीय भरतीत जाहिरातीतील अर्हता बंधनकारक असते. त्यामुळे काम येत असूनही कागद नसलेला उमेदवार छाननीतच बाद होतो आणि त्याचे कौशल्य तपासले जाण्याची वेळच येत नाही. महाराष्ट्रात २००१ मध्ये सुरू झालेले एमएस-सीआयटी अनेक शासकीय पदांसाठी ग्राह्य आहे. मात्र ते संगणक साक्षरतेचे प्रमाणपत्र असून तांत्रिक नैपुण्याचे नव्हे. डोएक (२०११ पासून नायलिट) संस्थेच्या 'ओ' स्तराच्या परीक्षेस वर्गात प्रवेश न घेताही बसता येते. स्वयंअध्ययनाने शिकलेल्यांना आपले ज्ञान अधिकृतपणे सिद्ध करण्याचा हा एक मार्ग आहे.