पहिल्या वाक्याचा इतिहास

डेटिंग अ‍ॅपवर ओळख झालेल्या दोघांनी पहिल्या भेटीत काय करावे, यासंबंधी आजकाल पुष्कळ सल्ला दिला जातो. भेट दिवसाउजेडी, वर्दळीच्या जागी आणि अर्ध्या-पाऊण तासाची असावी, चहा-कॉफीपलीकडे बेत आखू नये, समोरच्याने स्वतःविषयी जे लिहिले आहे त्यातलाच एखादा धागा धरून बोलायला सुरुवात करावी आणि मुख्य म्हणजे 'सहज' असावे. यातला शेवटचा सल्ला आम्हांला विचार करण्याजोगा वाटतो. अनोळखी स्त्रीपुरुषांमधला सहजपणा ही स्वभावाची देणगी आहे असे आपण धरून चालतो. मराठी समाजापुरते पाहिले तर हा सहजपणा जेमतेम दीडशे वर्षांत, आणि पुष्कळ झगड्यानंतर, शक्य झालेला आहे.

रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ साली झाला. त्या ११ वर्षांच्या होत्या, माधवराव ३१ वर्षांचे. 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी पतीशी झालेल्या पहिल्या संभाषणाची हकीकत दिली आहे. आपण कोण, आपले नाव काय, हे तुला ठाऊक आहे का, अशा अर्थाचा प्रश्न माधवरावांनी केला आणि रमाबाईंनी ऐकलेले नाव सांगितले. पतीचे नाव उच्चारू नये अशा काळात पहिल्याच संवादात ते उच्चारायला लावणे, यात सुधारकाची दृष्टी निश्चितच आहे. तरीही हा संवाद लग्न लागून गेल्यानंतरचा आहे. एक विचारणार, दुसरीने उत्तर द्यायचे, अशी त्याची रचना आहे. नाव ठाऊक नसते तरी विवाह झालेलाच होता. ज्या संभाषणाच्या परिणामी काहीच बदलू शकत नाही, त्याला संवाद म्हणावे की परीक्षा, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर रखमाबाईंच्या खटल्याने दिले. लहानपणी आपल्या संमतीवाचून झालेल्या लग्नाने आपण बांधलेल्या नाही, ही त्यांची भूमिका होती. १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ साली तडजोड झाली. पुढे १८९१चा संमतिवयाचा कायदा झाला, १९२९च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले आणि १९७८ साली ते १८ झाले. आजच्या पहिल्या भेटीच्या इतिहासात आम्ही या साऱ्याचा समावेश करतो, कारण उठून जाण्याची मोकळीक असल्याखेरीज समोर बसण्यात मोकळेपणा येत नाही.

कायद्याने वय वाढले, शिक्षणाने मुली महाविद्यालयात आल्या, पण दोघांनी भेटावे कुठे, हा प्रश्न सुटला नव्हता. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांतील योगायोगांची टीकाकारांनी पुष्कळ थट्टा केली. ती अनाठायी होती असे नाही. पण त्या योगायोगांना एक सामाजिक बाजूही आहे. तरुण-तरुणींना ठरवून भेटण्याची समाजमान्य जागा नसेल तर लेखकाला त्यांना योगायोगानेच भेटवावे लागते. विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास'ने (१९३३) या चित्राची दुसरी बाजू दाखवली. तिथे शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित स्त्रिया आहेत आणि त्यांच्या वाट्याला तसला योगायोग आलेला नाही. त्या पुस्तकावर उठलेले वादळ पाहता, हा एकटेपणा बोलून दाखवणे हाच गुन्हा ठरला असे म्हणावे लागते.

मध्यमवर्गाने पुढे जी तडजोड काढली ती म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. त्याच्या भाषेकडे पाहावे. स्थळ 'सांगून येते', मुलगी 'दाखवतात', मुलगा ती 'पाहतो', ती 'पसंत पडते'. मुलगी स्वतः कर्ता असलेले क्रियापद या मालिकेत जवळजवळ नाही. वडीलधाऱ्यांनी 'तुम्हांला काही विचारायचे असेल तर विचारा' म्हणून पाच मिनिटे गॅलरीत पाठवणे ही त्यातली उदारमतवादी सुधारणा. या पद्धतीची एक सोय मात्र मान्य केली पाहिजे. तिच्याकडे नकाराची भाषा होती. 'पत्रिका जुळत नाही' या तीन शब्दांत कोणाचाही अपमान न होता प्रकरण मिटत असे. नकार ग्रहांवर ढकलता येई आणि तो दोन माणसांमध्ये न घडता दोन घरांमध्ये घडे.

इंटरनेटने ही मधली घरे दूर केली. याहूच्या सार्वजनिक चॅटरूम २०१२ साली बंद झाल्या, तोवर तिथले ठरलेले पहिले वाक्य 'ए एस एल' हे होते. म्हणजे वय, लिंग, ठिकाण. वाक्य नवे दिसले तरी ते वधूवरसूचक जाहिरातीचेच संक्षिप्त रूप होते. टिंडर २०१२ साली आले, बंबल २०१४ साली. पहिला निरोप स्त्रीनेच पाठवायचा हा बंबलचा नियम २०१८ साली भारतात पोहोचला, तेव्हा 'पाहण्या'च्या क्रियापदाचा कर्ता प्रथमच बदलला. २०२४ साली त्या कंपनीने नियम सैल केला. स्त्रीने आधीच एक प्रश्न लिहून ठेवावा आणि समोरच्याने त्याचे उत्तर देऊन सुरुवात करावी, अशी सोय दिली. पहिले वाक्य रचण्याचा हक्क मिळाला, तसा त्याचा भारही वाटू लागला, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

मराठीत हा भार अधिकच जड आहे. इंग्रजीतला 'यू' सगळ्यांना चालतो. मराठीत पहिल्याच वाक्यात 'तू' की 'तुम्ही' हे ठरवावे लागते. 'तुम्ही' म्हणावे तर कांदेपोह्यांची बैठक आठवते, 'तू' म्हणावे तर सलगी होते. 'अहो' या संबोधनावर तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या संसाराचा शिक्का आहे. मराठी घरातली मुलेमुली अशा वेळी सुरुवात इंग्रजीत करतात आणि ओळख वाढल्यावर मराठीत येतात. तिला आम्ही मातृभाषेची उपेक्षा मानत नाही. बरोबरीच्या दोन अनोळखी माणसांसाठी मराठीने अजून बैठकीची जागा तयार केलेली नाही, एवढेच ती सांगते.

दुसरी उणीव नकाराची. पत्रिकेची ढाल गेली आणि तिच्या जागी मौन आले. चार दिवस गप्पा मारून एकाएकी उत्तरच न देणे, ही आजची रीत. ज्या हक्कासाठी रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या, तो वापरताना आपल्याला एक साधे वाक्य सुचू नये, ही खेदाची गोष्ट आहे. 'भेटून बरे वाटले, पण पुढे जावे असे मला वाटत नाही' हे वाक्य मराठीत अवघड नाही, अपरिचित आहे. ते म्हणण्याची आणि विशेषतः ते ऐकून घेण्याची सवय व्हायला हवी. पुरुषांना ऐकून घेण्याचा सराव कमी आहे, कारण इतिहासाने त्यांच्यावर ती वेळ फारशी आणलीच नव्हती.

तेव्हा पहिल्या भेटीला निघालेल्यांना आमचे सांगणे एवढेच, की विषयांची यादी पाठ करू नये. भेट लहान ठेवावी, आपापल्या चहाचे पैसे आपण द्यावेत आणि समोरच्याला केव्हाही उठता येईल असे बसावे. एवढे झाले की बोलणे आपोआप सुचते.