वसईच्या रेतीतली वाडी

इटालियन प्रवासी जेमेल्ली करेरी १६९५ साली पोर्तुगीजांच्या वसईत आला, तेव्हा कोटाबाहेर मैलोगणती बागाच बागा होत्या. माड, आंबे आणि मुबलक ऊस. पाणी उपसणाऱ्या यंत्रांच्या जोरावर शेतकरी त्या बारमाही हिरव्या ठेवतात, हेही त्याने टिपून ठेवले.

महाराष्ट्रात सुपीक म्हटले की घाटावरची काळी माती आठवते. बसाल्ट झिजून झालेली ती चिकण जमीन पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवते. अर्नाळा, आगाशीपासून भुईगाव, गिरीजपर्यंतच्या किनारपट्टीत मात्र रेतीच जास्त. पाणी झरझर खाली उतरते आणि जाताना खताचा कसही नेते. तिचा एक मोठा गुण म्हणजे निचरा. केळी आणि पानवेलीची मुळे पाणी साचले की कुजतात. इथे ती भीती कमी. याउलट खाडीलगतच्या चिखलात भरतीचे मीठ भिनलेले, म्हणून तिथे मिठागरे झाली.

रेतीत पाणी आणि कस टिकवायचा, तर रोजची मेहनत हवी. पावसाचे गोडे पाणी हलके असल्याने जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते. गावोगावची बावखले, म्हणजे गोड्या पाण्याची तळी, पाऊस साठवून हा थर भरत. काठावर रहाट असे. बैल गोल फिरे, मडक्यांची माळ भरून वर येई, पाणी पन्हळीतून पाटात आणि पाटातून आळ्यात जाई. शेणखत, पेंड आणि मासळीचे खत घालून वाडीवाले कसाची तूट भरून काढत.

१८६७ मध्ये विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली आणि भाजी, फुले, विड्याच्या पानांना जवळचा बाजार मिळाला. आगाशीची सुकेळीही नावाजली: पिकलेली राजेळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानांत बांधायची.

पुढे रहाट जाऊन पंप आले. उपसा वाढला, विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले, तसे गोड्या थराखालचे खारे पाणी वर सरकले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तिच्या मागण्यांत हिरवा पट्टा राखण्याइतकेच पाणी वाचवणेही होते. बरीच बावखले दरम्यान भराव टाकून बुजली होती. उरलेल्यांतला गाळ उपसण्याचे काम अलीकडे गावकऱ्यांनी काही ठिकाणी हाती घेतले आहे.