रक्ताला आधी कळतं

मे महिना, दुपारचे दोन. अकोल्याचं ऊन असं, की डांबर चपलेला चिकटतं. तुम्ही दवाखान्याच्या बाकड्यावर बसला आहात, दुपट्टा मानेभोवती. कूलर घरघरतोय. सकाळी उठल्यावर तुमची बोटं तासभर आखडलेली असतात. शेजारची आजी त्या सुजलेल्या सांध्यांकडे बघून विचारते, "काऊन जी, मार लागला का?"

मार लागलेला नाही. हातात रिपोर्ट आहे: एएनए पॉझिटिव्ह, १:८०. म्हणजे तुमच्या रक्तातल्या काही अँटीबॉडीज पेशींच्या केंद्रकाला चिकटतात. जी फौज जंतूंसाठी ठेवलेली, ती घरच्यांवर हात टाकते आहे. पण नेमकी कोणावर? आणि कधीपासून? कागद गप्प आहे. तुमचा नंबर यायला अवकाश आहे. डोळे मिटा.

१९०१. फ्रँकफर्टची प्रयोगशाळा, आणि शेळ्यांची बें-बें. पॉल एरलिख आणि युलियस मॉर्गेनरोथ एका शेळीचं रक्त दुसरीला टोचतात. दुसरी शेळी परक्या तांबड्या पेशी फोडणाऱ्या अँटीबॉडीज बनवते, स्वतःच्या पेशींना मात्र धक्का लावत नाही. एरलिख त्याला नाव देतो 'हॉरर ऑटोटॉक्सिकस': स्वतःलाच विष होण्याची शरीराला वाटणारी धास्ती. पुढची कित्येक वर्षं अनेक जाणकार त्याचा अर्थ 'असं घडतच नाही' असा घेणार आहेत. तुम्ही हातातला रिपोर्ट चाचपता आणि गप्प राहता.

१९०४, व्हिएन्ना. अकोल्याच्या अंगाला इथली हवा झोंबते. इथे असे रुग्ण आहेत, ज्यांना थंडीत फिरून आलं की लाल-काळी लघवी होते. युलियस डोनाथ आणि कार्ल लँडस्टायनर अशा रुग्णाच्या रक्ताची नळी बर्फात ठेवतात, मग अंगाच्या उबेइतकी गरम करतात. वरचं पिवळसर पाणी तुमच्या डोळ्यांदेखत लाल होतं. थंडीत अँटीबॉडी पेशीला धरते, उबेत पेशी फुटते. पेशी त्याच माणसाच्या, अँटीबॉडीही त्याचीच. धास्तीचा नियम एका काचनळीत मोडला.

२००३, अमेरिका. लष्कराने सैनिकांचं रक्तद्रव वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेलं आहे. त्यांतल्या १३० जणांना पुढे ल्युपस, म्हणजे ही फौज स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा एक आजार, झाला. संशोधकांनी त्यांच्या जुन्या कुप्या बाहेर काढल्या. ११५ जणांच्या, म्हणजे ८८ टक्क्यांच्या रक्तात निदानाआधीच स्वतःविरुद्धच्या अँटीबॉडीज सापडल्या. काहींच्या तर नऊ वर्षांहून आधी. तेव्हा ती माणसं धडधाकट होती. दुखणं त्यांना उशिरा कळलं, रक्ताला आधी.

२०१५, पवई. आयआयटी मुंबईत संजीवा श्रीवास्तव यांच्या गटाने ग्लायोमा या मेंदूतल्या गाठीच्या रुग्णांवरचा अभ्यास याच वर्षी प्रसिद्ध केला आहे. गाठीतली बिघडलेली प्रथिनं पाहूनही शरीर अँटीबॉडीज बनवतं, त्यांचा हा माग. समोर एक काचपट्टी आहे, बोटाएवढी. तिच्यावर माणसाची सुमारे १७,००० प्रथिनं बारीक ठिपक्यांनी रांगेत उभी केलेली आहेत. यीस्टकडून बनवून घेतलेली, प्रत्येकाची जागा ठरलेली. हा प्रोटीन मायक्रोअ‍ॅरे. पातळ केलेलं रक्तद्रव पट्टीवर पसरतात. ओळख असलेली अँटीबॉडी आपल्या ठिपक्याला चिकटते, बाकीचं सगळं धुऊन जातं. मग चमकणारा रंग लावलेली दुसरी अँटीबॉडी ओततात. ती माणसाच्या अँटीबॉडीला धरते. स्कॅनरच्या लेझरखाली काही ठिपके उजळतात. पोलीस ठाण्यातली ओळख परेडच ही, फक्त उभे राहिलेले सतरा हजार. व्हिएन्नात एका नळीला एकच प्रश्न विचारला होता.

पण परेडमध्ये साक्षीदाराने बोट दाखवलं म्हणजे गुन्हा शाबीत होत नाही. निरोगी माणसांच्या रक्तानेही काही ठिपके उजळतात, म्हणून त्यांच्या पट्ट्या शेजारी ठेवून ताडून पाहावं लागतं. नवे रुग्ण घेऊन, दुसऱ्या पद्धतीने तेच पुन्हा दिसावं लागतं. म्हणूनच ही पट्टी अजून मुख्यतः संशोधकांच्या टेबलावर आहे. तुमचा रिपोर्ट जुन्या, पेशींच्या चाचणीतूनच आलेला आहे.

"चला, तुमचा नंबर."

डोळे उघडा. कूलर तसाच घरघरतोय. डॉक्टर कागदाआधी तुमची बोटं हातात घेतात, एकेक सांधा दाबून पाहतात. मग सांगतात, १:८० या पातळीला शंभर धडधाकट माणसांतली तेराएक जणंही पॉझिटिव्ह निघतात. कागदावर निकाल लागत नाही. सूज, पुरळ, लघवीतली प्रथिनं आणि पुढच्या नेमक्या तपासण्या, सगळं जुळवून पाहावं लागतं. मग ते विचारतात, "आधी कधी रक्त तपासलं होतं? ते कागद आणले का?"

ते कागद तुम्ही मागच्या दिवाळीत रद्दीवाल्याला दिले.

तुमच्या रक्ताची कुपी कुणी गोठवून ठेवलेली नाही. ते कागद हाच तुमचा मागे जायचा रस्ता होता. आजपासून प्रत्येक रिपोर्ट तारखेने फायलीत लावा, आणि दवाखान्यात जाताना फाईल बरोबर घ्या.