विद्यार्थ्याचे पहिले वर्ष : विषय आणि बिऱ्हाड

परीक्षेचे निकाल लागले म्हणजे ज्ञातीतील घरोघरी दोन प्रश्न उभे राहतात. मुलाने अगर मुलीने कोणता विषय घ्यावा, हा पहिला. आणि परगावी उतरावयाचे कोठे व जेवावयाचे कोठे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर वडील मंडळी पुष्कळ बोलतात; दुसऱ्याची काळजी मात्र बहुधा आईच्या वाट्यास येते. आपल्या प्रांतात विद्यापीठ-शिक्षण सुरू झाल्यास दीडशेहून अधिक वर्षे लोटली. एवढ्या काळात हे दोन प्रश्न कसकसे सुटत अगर अडत गेले, हे पाहण्याजोगे आहे. यंदाच्या वार्षिक सभेपुढे विद्यार्थी-साहाय्य निधीच्या व वसतिगृहाच्या नियमांचा विषय यावयाचा असल्याने आम्ही या अंकासाठी तोच घेतला आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. त्याची पहिली प्रवेश-परीक्षा १८५९ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये पहिले बी. ए. बाहेर पडले. ते चारच होते : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. आजच्या विद्यार्थ्यास विषयांची यादी पाहून घेरी येते. या चौघांना ती अडचण नव्हती, कारण निवडण्यासारखे फारसे काही नव्हतेच. इंग्रजी, एक अभिजात भाषा, इतिहास, गणित, तर्कशास्त्र असा ठरलेला रस्ता होता व त्यावरूनच सर्वांनी जावयाचे. तरीही निवड अगदीच नव्हती असे नाही; ती पदवीनंतर येई. भांडारकरांचेच पाहा. संस्कृताकडे आपले चित्त लावावे, असे त्यांना विद्याखात्याचे संचालक हॉवर्ड यांनी सुचविले. पुढे त्यांनी लिहिलेल्या दोन संस्कृत पाठ्यपुस्तकांवर महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या पोसल्या. एका अधिकाऱ्याने योग्य वेळी उच्चारलेल्या एका वाक्याचे हे फळ होय. विद्यार्थ्याला असा विचारणारा माणूस भेटणे ही त्याही काळी दैवाची गोष्ट होती.

खरी निवड होती ती दुसऱ्या भाषेची, आणि तिच्यात वरवर दिसते त्यापेक्षा बरेच काही गुंतलेले होते. विद्यापीठाच्या आरंभीच्या वर्षांत मराठीला परीक्षेत जागा होती. १८६० नंतरच्या काही वर्षांत ती वरच्या परीक्षांतून गेली व संस्कृत, फारसी, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांना मान मिळाला. ज्या भाषेत मुलगा घरी बोले, ती विद्यापीठाच्या लेखी विद्या राहिली नाही. ती परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांनी अखेरपर्यंत खटपट केली. त्यांचे देहावसान १६ जानेवारी १९०१ रोजी झाले, आणि त्याच सुमारास देशी भाषांना एम. ए. च्या परीक्षेत प्रवेश मिळाला. म्हणजे घरच्या भाषेला वाड्यात शिरण्यास माडीवरून वाट मिळाली. तळमजल्याचे दार त्यानंतर उघडले.

संस्कृत घ्यावे की फारसी, हे पुष्कळ घरी जातीवरून ठरे. भीमराव आंबेडकरांच्या मनात शाळेत संस्कृत घ्यावयाचे होते. ते त्यांना घेऊ दिले गेले नाही व फारसीवर समाधान मानावे लागले. १९०८ च्या आरंभी ते एल्फिन्स्टन कॉलेजात गेले तेव्हा इंग्रजी व फारसी हेच त्यांचे भाषाविषय राहिले. पुढे त्यांनी स्वतःच्या श्रमाने संस्कृत आत्मसात केले. विषयांच्या रकान्यात लिहिलेला एखादा शब्द कधी कधी विद्यार्थ्याच्या आवडीचा नसून इतरांनी त्याला आखून दिलेल्या मर्यादेचा असतो, हे जुन्या गुणपत्रिका वाचताना विसरून चालत नाही.

आता बिऱ्हाडाकडे वळू. पुण्याचे डेक्कन कॉलेज १८२१ च्या हिंदू कॉलेजातून वाढले व १८६८ मध्ये येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. शहरापासून दूर, मुळेच्या काठी, राहण्याची सोय तेथेच. १८७३ मध्ये बळवंतराव टिळक येथे आले तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे व अंगाने अशक्त होते. पहिले वर्ष त्यांनी जवळजवळ सारे व्यायामात, पोहण्यात व कुस्तीत घालविले, आणि त्या वर्षीची परीक्षा हातची गेली. आजच्या पालकास हे ऐकवले तर तो पहिल्या गाडीने पुण्यास धावेल! टिळकांनी मात्र पुढे गणितात पहिल्या वर्गाची बी. ए. पदवी घेतली व त्या एका वर्षाची कमाई मंडालेच्या तुरुंगापर्यंत पुरविली. याच कॉलेजात आगरकरांची व त्यांची गाठ पडली. आगरकर टेंभूसारख्या लहान गावचे, घरची अत्यंत गरिबी. या दोघांनी शाळा काढण्याचे मनसुबे येथे रचले व त्यांतून १८८० चे न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ चे फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. वर्गातील व्याख्यानांपेक्षा रात्रीच्या गप्पांनी अधिक काम केले, असे म्हणण्यास हरकत नाही. टिळकांची खोली तेथे अजून राखून ठेवलेली आहे.

परंतु येरवड्यास राहणे सर्वांना परवडणारे नव्हते. गरीब विद्यार्थी पेठेत एखादी अंधारी खोली तिघांचौघांत घेई आणि जेवणासाठी वार लावी. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात दिवसांचे सात उंबरठे. ज्याला वार मिळत नसत तो माधुकरी मागे. या रीतीची थोरवी गाणारे लेखन आपल्याकडे विपुल आहे, आणि ज्या माउल्यांनी परक्या मुलांना वाढले त्यांचे उपकार खरेच मोठे आहेत. पण त्या लेखनात एक गोष्ट सहसा येत नाही. वार जातीतल्याच घरी लागत. ज्या जातीची घरे शहरात नव्हती, अगर असून ती स्वतःच अर्धपोटी होती, त्या जातीच्या मुलाला सातांपैकी एकही वार नव्हता. त्याला कॉलेजात नाव घालण्यास कोणी आडकाठी केली नसती. त्याला रात्री पाठ टेकण्यास जागा मिळाली नसती, इतकेच. पुष्कळांचे शिक्षण या ‘इतकेच’पाशी थांबले.

हे मर्म ज्यांनी अचूक ओळखले ते कोल्हापूरचे शाहू छत्रपती. कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० पासून होते; फीपेक्षा मोठा अडसर बिऱ्हाडाचा होता. महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींसाठी एकत्र वसतिगृह काढून पाहिले. प्रत्यक्षात तेथे इतर जातींची मुले टिकेनात. तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग धरला : ज्या त्या समाजाने आपले वसतिगृह चालवावे, दरबारने जागा, इमारत व उत्पन्न यांची मदत द्यावी. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. मग मुसलमान, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत, कायस्थ प्रभू अशा अनेक समाजांची. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. आमच्यासारख्या ज्ञातिसंस्थांना आपला विद्यार्थी-कार्याचा वारसा सांगावयाचा झाला तर तो या कोल्हापूरच्या प्रयोगाकडे जातो. मात्र वारसा सांगणाऱ्याने त्या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे.

तो असा. भाऊराव पाटील हे कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, आणि परत आल्यावर विटाळ गेला म्हणून स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. या मुलाने पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्माजींनी त्यास भेट देऊन त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण केले. तेथे मुले आपले अन्न आपण शिजवीत, शेतात राबत. १९४७ मध्ये साताऱ्यास निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात हीच रीत ‘कमवा आणि शिका’ या नावाने कॉलेजच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. ज्ञातीच्या वसतिगृहाने मुलाला छप्पर दिले हे खरे. त्याच छपराखालून त्याला बाहेर पडावे लागले, हेही तितकेच खरे.

पुन्हा विषयांकडे येऊ. कारण विषय आणि बिऱ्हाड ही दोन्ही सूत्रे एकत्र गुंफलेली पाहावयाची तर आंबेडकरांच्या न्यूयॉर्कमधील दिवसांइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. परळच्या चाळीतील एका खोलीत अभ्यास करून, बडोदे सरकारच्या दरमहा पंचवीस रुपयांवर ते पदवीधर झाले. जून १९१३ मध्ये त्यांनी बडोदे सरकारशी करार केला : ठरलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा व परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची. जुलैत ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. हार्टली हॉल या विद्यापीठाच्या वसतिगृहात त्यांना जेमतेम एक आठवडा काढता आला, कारण तेथील अन्न मानवले नाही. मग काही हिंदी विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबात, आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासमवेत. पहिले काही महिने मित्रमंडळींच्या गप्पागोष्टींत गेले. मग एका रात्री आपण येथे कशासाठी आलो याचा त्यांनी स्वतःशी जाब घेतला, आणि अभ्यासाला जी बैठक मारली ती मोडली नाही.

त्यांनी घेतलेल्या पाठ्यक्रमांची मोजदाद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन यांचा एकेक. ही यादी सावकाश वाचण्यासारखी आहे. पदवी अर्थशास्त्राची, तेव्हा २९ चा आकडा समजतो. पण मानववंशशास्त्राचे चार कशासाठी? उत्तर ९ मे १९१६ रोजी मिळाले. गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात त्यांनी हिंदुस्थानातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. त्यांच्या पुढील सर्व कार्याचे बीज त्या निबंधात आहे, आणि ते कोणत्याही शिष्यवृत्तीच्या अटीत लिहिलेले नव्हते. बिऱ्हाडाचे ऋणही येथेच नोंदविले पाहिजे. १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यास ते पुन्हा लंडनला निघाले तेव्हा शाहू महाराजांनी पंधराशे रुपये दिले आणि पाच हजारांचे कर्ज दिले ते या खोलीतल्या सोबत्याने, नवल भथेना यांनी. वसतिगृहातील खोली भिन्न जातीच्या, भिन्न धर्माच्या मुलासमवेत वाटून घेण्याचा हिशेब असाही लागतो.

याच्या तीस वर्षे आधी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास वैद्यक शिकण्यास गेल्या. जून १८८३ मध्ये अमेरिकेत उतरल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. कोंदट, धुरकट शेगडीची खोली, बर्फाची थंडी, अंगावर लुगडे आणि स्वतःच्या हातचे शाकाहारी अन्न, अशा स्थितीत त्यांनी ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळविली. वर्ष उलटण्याच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. क्षयाची सुरुवात नेमकी कोठे झाली याचा निवाडा आता कोणी करू नये. पण विद्यार्थिनीची खोली ही गौण बाब आहे असे जे म्हणतात त्यांनी हे चरित्र एकवार वाचावे.

मराठवाड्यातील कुटुंबांची कहाणी आणखी निराळी. १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, तेव्हा मराठी मुलाला विषयाआधी भाषेशीच झुंजावे लागे. १९३८ मध्ये वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. शेकडोंचे वर्ष वाया जाण्याची वेळ आली. तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना आपल्याकडे घेतले. पुढे मराठवाड्यात १९५० मध्ये औरंगाबादेस मिलिंद व नांदेडास पीपल्स ही महाविद्यालये निघाली, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्वतंत्र विद्यापीठ आले.

आज स्थिती पालटली आहे. जिल्ह्याजिल्ह्यात महाविद्यालये आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर वेगळ्या शाखेचा गौण विषय घेण्याची मुभा दिली आहे. भौतिकशास्त्राच्या मुलीला संगीत घेता येईल, वाणिज्याच्या मुलाला इतिहास. आमच्या निधीकडे येणारे अर्ज मात्र याची साक्ष देत नाहीत. अभियांत्रिकी आणि वैद्यक यांच्या पलीकडे आमचे हातच जात नाहीत, आणि निधीचे नियमही त्यांनाच अनुकूल आहेत. साहित्य, इतिहास, शुद्ध शास्त्रे घेणाऱ्या मुलास ‘याने पोट कसे भरणार?’ असे मुलाखतीत विचारले जाते. प्रश्न गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्या घरात एकाच्या पगारावर सहा माणसे आहेत त्या घराला तो विचारावाच लागतो. पण तो घराने विचारावा. निधीनेही तोच विचारावयाचा असेल तर ज्ञातीने पैसा गोळा करून अधिक काय साधले?

वसतिगृहाचेही तसेच आहे. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यांतील गरजू मुलांना जात न पाहता ठेवून घेत आली आहे, आणि आमच्या ज्ञातीतील मुलेही अशा परक्या छपरांखाली राहून शिकली आहेत. आमच्या नियमावलीत मात्र प्रवेश ज्ञातीपुरता आहे, आणि खोल्या काही वर्षी रिकाम्या राहतात. सभेपुढे येणाऱ्या ठरावात दोन कलमे आहेत : साहाय्य देताना शाखेचा भेद करू नये, आणि ऑगस्टअखेर रिकाम्या राहिलेल्या जागा कोणत्याही समाजाच्या गरजू विद्यार्थ्यास त्याच दराने द्याव्यात. दुसऱ्या कलमास कार्यकारिणीत विरोध झाला, व तो प्रामाणिक होता. ज्यांनी पै पै जमवून ही इमारत बांधली त्यांचा हेतू काय होता, असे विरोधकांचे म्हणणे आहे. त्या देणगीदारांत माधुकरीवर शिकलेले काहीजण होते. सभासदांनी ठरावाचा मसुदा कार्यालयातून आधी मागवून घ्यावा आणि सभेस घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना बरोबर आणावे; मत देण्याचा नव्हे, पण बोलण्याचा अधिकार त्यांना या वर्षी देण्यात आला आहे.