नेदरलँडमधील उपासमारीचा हिवाळा
बाळ चांगल्या वजनाचे जन्मले म्हणजे धोका टळला, असे तुम्हाला वाटते का? मग हा इतिहास पाहा. सप्टेंबर १९४४ मध्ये नेदरलँडमध्ये रेल्वे कामगारांनी संप केला. जर्मन सत्तेने पश्चिम भागाचा अन्नपुरवठा रोखला. ॲमस्टरडॅममध्ये रोजचा माणशी शिधा १००० कॅलरींच्याही खाली गेला. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला. उपासमारीचा काळ निश्चित होता आणि जन्मनोंदी जपलेल्या होत्या; म्हणून त्या काळातील बाळांचा मोठेपणी अभ्यास करता आला. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत आई उपाशी राहिलेली बाळे कमी वजनाची जन्मली. सुरुवातीच्या महिन्यांत उपासमार सोसलेल्यांचे जन्मवजन मात्र साधारण होते. तरी प्रौढपणी त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. लक्षात घ्या, वजनकाट्यावर न दिसलेली उपासमारही शरीरात राहून जाते.